पेट्यांना पेंढा, माणसांना फाळका

मार्च उजाडला की हातखंब्याच्या तिठ्यावरून रात्री वाशीकडे निघालेल्या पिकअप एकामागून एक जाताना दिसतात. पेट्यांवर ताडपत्री, त्यावर आवळलेला दोर. हापूसला डाग लागू नये म्हणून पेटीत पेंढा घालणाऱ्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने त्याच गाडीतल्या माणसांची काळजी फारशी कधी केली नाही.

मॅटाडोरच्या जमान्यात ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरून येणारी एसटी यांच्यामध्ये जेमतेम एक पत्रा असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टाटामोबाईल २०६ आली ती पुढे लांब नाक घेऊन. धडकेत आधी बॉनेट चेपते, मग केबिनची पाळी येते, हा त्या नाकाचा खरा फायदा. २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ टेम्पो आला आणि नाक पुन्हा गेले. ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन सीटखाली, ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवर. पण वाडीतल्या पाणंदीत तो शिरायचा, किमतीलाही परवडायचा. बोलेरो पिकअपला मात्र नाक होते; अर्थात घेणाऱ्याने ती नाक बघून घेतली नाही, घाटात वजन ओढते म्हणून घेतली.

केबिनमध्ये पट्टे आले, पण कित्येक गाड्यांत त्यांची बकले सीटकव्हरखाली गडप झालेली असतात. पासिंग ड्रायव्हर अधिक एक, बसतात तिघे. मधल्याच्या गुडघ्यांमध्ये गिअरचा दांडा आणि त्याच्या वाटणीला पट्टाच नाही. जुलै २०१९ पासून मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, मालवाहू पिकअप त्यातून सुटली. अमेरिकेत हलक्या ट्रकना ही सक्ती १९९८ मध्येच झाली होती. २०२३ च्या भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारेही प्रवासी मोटारींपुरतेच. २०२५ मध्ये नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित करण्याचा नियम लागू झाला, तोही साडेतीन टनांच्या वरच्यांना.

हौद्याचे तर विचारूच नका. बागेत निघालेले गडी, लग्नाचे वऱ्हाड, शिमग्याला पालखीमागे निघालेली अख्खी वाडी, सगळे फाळक्याला धरून उभे. माणसे उभी राहिली की गाडीचा भार वर सरकतो. आंबा घाटातल्या वळणावर कलंडायला तेवढे पुरते.

या माणसांबद्दल गाड्यांच्या कारखान्यांपेक्षा कोर्टच जास्त बोलले. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात आला. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालवाहू गाडीतल्या फुकट्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीच्या अंगावर येत नाही. २००७ मध्ये आणखी स्पष्ट झाले: मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसलेला. मासळीच्या पाट्यांशेजारी हौद्यात बसलेली बाई माल तिचा असूनही विम्याबाहेरच राहिली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड ठेवला. तेवढ्यात हंगामाच्या सुरुवातीला डझनभर हापूसही येत नाही.

उपाय बाजारात नाही असे नाही. बोलेरो कॅम्परला दोन रांगांची केबिन आहे, पाच माणसे छपराखाली बसतात. पण हौदा आखूड, पेट्या कमी मावतात. त्यामुळे ती कंत्राटदारांकडे आणि विजेच्या कामांवर दिसते. बागायतदार अजूनही लांब हौद्याचीच गाडी बुक करतो.