तुम्हाला कुणाचं उष्टं चालतं?

नऊ-दहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसलंय. अजून धड बोलत नाही. समोरच्या पडद्यावर एक बाहुली आहे. एक बाई संत्र्याची फोड चावते, तीच फोड बाहुलीच्या तोंडाला लावते, मग पुन्हा स्वतः खाते. दुसरी बाई बाहुलीशी चेंडू खेळते. तीही तितकीच हसतमुख, तितकीच प्रेमळ. मग बाहुली दोघींच्या मध्ये बसते आणि एकाएकी रडायला लागते. बाळ आता कुणाकडे बघेल?

ते संत्रं खाणाऱ्या बाईकडे बघतं. आधी तिच्याकडे, आणि जास्त वेळही तिच्याकडेच. बाहुलीला सावरायला हीच धावेल, असं जणू त्याने ठरवून टाकलेलं असतं. अ‍ॅश्ली थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०२२ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. प्रश्न खाण्याचा की थुंकीचा, हेही त्यांनी तपासलं. एका प्रयोगात बाईने बोट आधी स्वतःच्या तोंडात घातलं आणि मग बाहुलीच्या. दुसऱ्या बाहुलीच्या वेळी बोट फक्त आपल्या कपाळाला आणि मग तिच्या कपाळाला लावलं. बाळांनी तोंडाचाच संबंध जवळचा मानला. ज्याला अजून दात नीट आलेले नाहीत त्याला कुणाचं उष्टं कोण खातं यावरून नाती ओळखता येतात!

आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात एवढं नवल काय? आपण उष्ट्या-खरकट्याच्या नियमांवरच वाढलो. बाटलीला तोंड लावायचं नाही, पाणी वरून प्यायचं. आमटीच्या भांड्यात उष्टा चमचा घालायचा नाही. आणि ज्या घरात हे दरडावून शिकवतात त्याच घरात पोराने ताटात टाकलेला वरणभात आई बिनदिक्कत संपवते. लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात तेव्हा तर सगळा मांडव आरडाओरडा करतो. मला मात्र सगळ्यात थोर वाटतो तो शाळेच्या मैदानावरचा तोडगा. लिमलेटची गोळी एक आणि खाणारे दोघे, की शर्टाचं टोक गोळीवर धरायचं आणि वरून दाताने कडकन तोडायची. याला चिमणीच्या दाताने तोडणं म्हणायचं. मध्ये कापड आलं, म्हणजे उष्टं झालं नाही. नियमही राहिला, मैत्रीही राहिली. ही पळवाट शोधणाऱ्या पोराचं नाव इतिहासात राहायला हवं होतं.

शहरात एकटं राहणाऱ्याच्या आयुष्यात हा सगळा हिशेब उघड्यावर येतो. घरच्या माणसांत तो कधी जाणवतच नाही. पण गोरेगावात किंवा हिंजवडीत तिघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधला फ्रिज उघडून बघा. एकेक कप्पा एकेकाचा. दुधाच्या पिशवीवर मार्करने काढलेलं आद्याक्षर. लोणच्याची बरणी तेवढी सामाईक, कारण ती कुणाच्या तरी आईने पाठवलेली असते आणि तिच्यावर हक्क सांगायला जीभ रेटत नाही. काही महिने गेले की हद्दी पुसट होतात. आधी अंडी इकडची तिकडे होतात, मग कांदे, आणि एके रात्री निरोप येतो, ‘तुझा कालचा भात मी संपवला.’ त्यावर राग न येता ‘बरं झालं’ असं आपसूक उमटलं, तर रूममेटचा मित्र झाला असं खुशाल समजावं.

हे काही आयटीवाल्यांपासून सुरू झालेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गडी बायकापोरांना गावी ठेवूनच राहायचे. एकेका गावच्या मंडळाने चाळीत गाळा घेतलेला. त्यात इतकी माणसं, की झोपायलासुद्धा पाळ्या लागायच्या. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच आडवी. जेवायला खानावळ, आणि ती बहुधा चाळीतल्याच एखाद्या बाईची. पगार झाला की महिन्याचे पैसे. तोवर धान्य-किराण्यासाठी सावकाराचं कर्ज काढून ती या बिऱ्हाडहीन पुरुषांना जेवू घालायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. शहरातल्या एकट्या माणसाच्या जेवणामागे दुसऱ्या कुणाची तरी अशी उसनवारी असते, हे आज ॲपवरून थाळी मागवताना दिसत नाही इतकंच.

आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर या. दोघांनी मिळून एक भेळ घेतलीय. कागदावर भेळ, चमचा म्हणून एकेक कडक पुरी. नीट बघा, हे दोघे खाताना काय काय सांभाळतायत. एकाची पुरी कागदावर उतरली की दुसऱ्याची क्षणभर थांबते. कैरीची फोड दिसली तर ती आपण उचलायची की पलीकडे सरकवायची, याचा निर्णय पापणी लवायच्या आत होतो. शेवटी तळाशी चटणीत भिजलेला कुरमुऱ्यांचा ढीग उरतो तेव्हा ‘घे ना तू’, ‘नको, तू घे’ सुरू होतं. एवढ्याशा कागदावर केवढी वाटाघाट!

वाटाघाट हा शब्द उगाच वापरला नाही. केटलिन वूली आणि आयेलेट फिशबाख या दोन संशोधिकांनी २०१९ मध्ये नेमकं हेच मोजलं. लोकांच्या जोड्या केल्या, खायला चिप्स आणि साल्सा दिला. काही जोड्यांना दोघांत एकच वाडगा, काहींना वेगवेगळे. मग एकाला मालक केलं, दुसऱ्याला कामगार संघटनेचा पुढारी, आणि पगारवाढीची बोलणी करायला लावली. तडजोड लांबली की खेळातला संप चालू राहणार आणि दोघांचंही नुकसान होणार. एका वाडग्यातून खाल्लेल्यांचा संप सरासरी नऊ दिवसांत मिटला, वेगळं खाल्लेल्यांना तेरा दिवस लागले. आणि गंमत अशी, की ते दोघे एकमेकांना किती आवडत होते याचा निकालाशी संबंध लागला नाही. हाताला हात लागू न देता एका भांड्यातून खायचं, म्हणजे समोरच्याची चाल ओळखावी लागते. तीच सवय बोलण्यात उतरते, असा या संशोधिकांचा अंदाज. गिरणगावातला वाचक इथे हसेल. १९८२ चा गिरणी संप चटणीने मिटण्यातला नव्हता, हे मलाही मान्य आहे.

डेटवर मात्र एका भेळेपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. पहिल्या भेटीत सगळं वेगवेगळं: तुझी कॉफी, माझी कॉफी, बिलाचे दोन भाग, दोन यूपीआय. तरीही शरीरं आपापलं काम करत असतात. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे संशोधकांनी अनोळखी तरुणींच्या ७० जोड्या वीस मिनिटं जेवायला बसवल्या आणि घास मोजले. एकूण ३,८८८. एकीने घास घेतला की पुढच्या पाच सेकंदांत दुसरीचाही हात तोंडाकडे जाण्याची शक्यता वाढायची. हा ताल पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात पक्का होता, पुढे सैल होत गेला. नव्या ओळखीत आपण घासाला घास जुळवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पाणीपुरीवाल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असावं. तो पुऱ्या अशा पाळीने देतो, की समोरच्या दोघांना एका लयीत खाण्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

पहिल्या डेटला कुठे जावं असं कुणी विचारलं तर माझं मत मिसळीला पडेल. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटतं, तो मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो. एरवी तो साधारण ४३ अंश सेल्सिअसला जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे तर्रीचा भुरका मारला की मेंदूला खरोखरच भाजल्याची खबर जाते. कपाळावर घाम, नाकाला धार, डोळ्यांत पाणी. प्रोफाइलवरच्या फोटोतला माणूस पाच मिनिटांत विरघळतो आणि खाली जो असतो तो दिसायला लागतो. अशा वेळी पाणी पिऊन काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा ताकच हवं. आपली वाटी न विचारता पुढे सरकवणारा माणूस भेटला तर दुसऱ्या भेटीची तारीख तिथेच ठरवावी.

इथवर सगळं गोड चाललंय, पण याच शहाण्या बाळांची दुसरी बाजूही आहे. झोई लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की एक भाषा बोलणाऱ्या दोघांना सारखंच अन्न आवडेल, असं बाळं आधीच गृहीत धरतात. भाषा वेगळी असली की ही अपेक्षा राहत नाही. ताटावरून माणसांचे गट पाडणं इतकं खोलवर बसलेलं आहे. घर भाड्याने देताना ‘नॉनव्हेज खाता का’ हा प्रश्न मुंबईत आधी येतो. मॅट्रिमोनियल साइटवर आणि डेटिंग ॲपवरही खाण्याचा रकाना असतो, आणि त्याआडून काय विचारलं जातंय हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही कळतं. केरळात समाजसुधारक सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये चेराईला वेगवेगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसवली तेव्हा गहजब झाला होता. डॉ. आंबेडकरांनी तर १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात, पंगतीची मर्यादाच दाखवून दिली. सहभोजनाने जात मरत नाही, त्यावर खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं त्यांनी मांडलं. संत्र्याच्या फोडीचा प्रयोग वाचताना मला हे राहून राहून आठवत होतं. शेजारी बसून जेवणं वेगळं आणि एकमेकांचं उष्टं खाणं वेगळं, हा फरक आंबेडकरांनी किती आधी नेमका हेरला होता.

मैत्रीला मात्र नुसते तास लागतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशेब असा: ओळखीचा माणूस बऱ्यापैकी मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. शाळा-कॉलेजात हे तास फुकट मिळतात. तिशीतल्या माणसाला ते लोकलच्या वेळापत्रकातून ओरबाडावे लागतात. दर शुक्रवारी दोन तास बरोबर जेवायचं म्हटलं तर जिवलग मैत्रीला जवळजवळ दोन वर्षं लागतील, तीही कुणी एक शुक्रवार बुडवला नाही तर.

आणि मग त्यातला एक जण प्रेमात पडतो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या मते माणसाच्या सगळ्यात आतल्या वर्तुळात साधारण पाच जण मावतात. प्रेमात पडलेल्यांकडे त्यांना चारच आढळले, आणि त्या चारांत एक नवं माणूस. म्हणजे एका प्रेमापायी दोन जिवलग बाहेर. दोनशे-दोनशे तासांचे दोन मित्र, चार मिसळींच्या बदल्यात!

यावर आमच्या शुक्रवारच्या टोळीने काढलेला उपाय साधा आहे: नव्या माणसालाही जेवायला घेऊन यायचं. मध्ये बोंबील फ्रायची प्लेट ठेवायची, आणि शेवटचा तुकडा उरला की सगळ्यांनी एकदम गप्पांत रंगून जायचं. तो तुकडा न विचारता उचलणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावणं गेलेलं नाही. अपवाद एकीचा. तिने तो उचलला, अर्धा खाल्ला, उरलेला तिला घेऊन आलेल्या मित्राच्या ताटात टाकला आणि तव्यावर अजून आहेत का म्हणून वेटरला विचारलं. पुढच्या शुक्रवारपासून आम्ही दोन प्लेटी मागवतो.