फुकट घेतलेलं रक्त विकतात का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रक्तदान शिबिराला निमित्त शोधावं लागत नाही. शिवजयंती, गणेशोत्सव, नेत्याचा वाढदिवस, एखाद्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. रांजणगावच्या एमआयडीसीपासून दौंडच्या रेल्वे वसाहतीपर्यंत वर्षभर कुठे ना कुठे मांडव पडतो, खाटा लागतात, बिस्किटं-केळी येतात. आणि प्रत्येक मांडवाच्या कडेला कुणीतरी तेच वाक्य बोलतं, “आपण फुकट द्यायचं आणि ह्यांनी दीड-दोन हजाराला विकायचं!”

बोलणारा बोलून मोकळा होतो. पण नाव नोंदवायला निघालेली चार पोरं ते ऐकून माघारी फिरतात, आणि त्या दिवशी चार पिशव्या कमी जमतात. म्हणून या एका वाक्याचा नीट समाचार घेणं भाग आहे.

भारतात एके काळी रक्त खरोखरच विकलं जात होतं. पैशाची नड असलेला माणूस रक्त विकायचा. कावीळ झालेली असली तरी सांगायचा नाही, कारण सांगितलं तर पैसे बुडायचे. अंगात पुरेसं रक्त भरून येण्याआधीच तो पुन्हा रांगेत उभा राहायचा. या धंद्याविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशभर बंदी आली. याच निकालातून राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राज्यांच्या परिषदा उभ्या राहिल्या. तेव्हापासून दात्याला मोबदला देता येत नाही आणि रक्तपेढीला रक्ताची किंमत लावता येत नाही. तिला घेता येतं ते फक्त प्रक्रिया शुल्क, आणि त्याची कमाल मर्यादा परिषद ठरवते.

“नाव बदललं, पैसे तेच,” असं यावर लगेच ऐकायला मिळतं. ज्याला असं वाटतं त्याने शिरूरच्या मांडवातून निघालेल्या एका पिशवीचा प्रवास पाहावा.

पिशवी रिकामी नसते. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात आधीपासून मोजून द्रावण भरलेलं असतं आणि सुई निर्जंतुक, जोडलेली असते. ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतलं की ती तापमान राखणाऱ्या पेटीत जाते. तिथून पुढे घड्याळाशी शर्यत असते. ताजा प्लाझ्मा वेगळा करायचा तर रक्त काढल्यापासून सहा ते आठ तासांत ते प्रयोगशाळेत पोचायला हवं. शिरूर ते पुणे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, पण शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत गाडी अडकली तर काय होतं, हे नगर रस्त्यावरच्या माणसाला सांगायची गरज नाही.

पेढीत पोचल्यावर रक्तगट पुन्हा तपासला जातो. मग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या होतात. कायद्याने त्या प्रत्येक पिशवीच्या कराव्याच लागतात. एखाद्या तपासणीत दोष आढळला तर ती पिशवी नष्ट केली जाते, पण तिच्यावरचा खर्च झालेलाच असतो. चांगल्या रक्ताचे थंड सेंट्रिफ्यूज यंत्रात घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला राहतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या तबकात ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसच टिकतात. प्लाझ्मा उणे तीस अंशांखाली गोठवला जातो. वीज गेली तर जनरेटर लागतो आणि रात्री दोनला रक्त मागायला आलेल्या नातेवाइकाला ते जुळवून देणारा तंत्रज्ञ जागा असावा लागतो.

दौंड तालुक्यातल्या यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं. पीठ घरोघरचं असलं तरी चुलीला इंधन लागतं, तेल-मिरची लागते, मोठी पातेली लागतात. त्या खर्चासाठी वर्गणी काढली म्हणून “यवतकरांनी पीठ विकलं” असं कुणी म्हणत नाही. रक्ताच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हटलं जातं.

आता आकडे. २०२२ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार संपूर्ण रक्ताच्या किंवा तांबड्या पेशींच्या पिशवीसाठी सरकारी रक्तपेढीला जास्तीत जास्त १,१०० रुपये आणि खासगी किंवा धर्मादाय पेढीला १,५५० रुपये घेता येतात. विषाणू शोधणारी ‘नॅट’सारखी जादा चाचणी केली असेल तर तिचा आकार वेगळा असतो. २०२३च्या अखेरीस केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्व राज्यांना पुन्हा बजावलं की रक्त विक्रीसाठी नाही आणि प्रक्रिया शुल्काखेरीज काहीही आकारायचं नाही.

राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत दाखल रुग्णाला तर हेही शुल्क पडत नाही. १२ डिसेंबर २०२० पासून तिथे रक्त विनामूल्य आहे. थॅलेसिमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांनाही ते मोफत देण्याचं धोरण आहे. थॅलेसिमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी, जन्मभर, रक्त चढवावं लागतं. त्या मुलाला मिळणारी पिशवी अशाच एखाद्या मांडवातून गेलेली असते.

“एका पिशवीचे तीन भाग करून तिघांकडून पैसे घेतात,” हाही आक्षेप असतो. प्लाझ्मा आणि प्लेटलेटचे कमाल दर पूर्ण पिशवीच्या तुलनेत फार कमी ठेवलेले आहेत, आणि त्या विभागणीमुळेच एका दात्याचं रक्त तीन रुग्णांना उपयोगी पडतं. जादा उरलेला प्लाझ्मा औषधनिर्मितीसाठी देण्याची मात्र पेढ्यांना परवानगी आहे. केंद्राने २०१५ मध्ये त्याचा दर लिटरला १,६०० रुपये ठरवून दिला. त्यातून आल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाच्या रुग्णाला लागणारे घटक तयार होतात. हा व्यवहार नियमाने, उघड चालतो. तो न करता प्लाझ्मा फेकून देणं हाच दात्याचा खरा अपमान ठरला असता.

मग सगळं आलबेल आहे का? नाही. मर्यादेपेक्षा जास्त पैसे घेतल्याच्या तक्रारी होतात आणि त्यातल्या काही खऱ्या निघतात. “आधी बदली दाता आणा, मगच रक्त देऊ” असंही नातेवाइकांना सांगितलं जातं, तेही परिषदेच्या धोरणाविरुद्ध आहे. अशा वेळी पावती मागायची, तिच्यावर घटकाचं नाव आणि रक्कम लिहून घ्यायची, आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करायची. चुकणाऱ्या पेढीचा राग शिबिरावर काढला तर पेढीचं काहीच बिघडत नाही. रक्ताची वाट पाहणाऱ्या बाळंतिणीचं बिघडतं.

मांडव घालणाऱ्या मंडळांचाही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एकाच दिवशी पाचशे पिशव्या’ हा विक्रम बॅनरवर शोभतो, पण तांबड्या पेशी साधारण ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावणाच्या पिशवीत ४२. एकाच आठवड्यात सगळ्या गावांनी शिबिरं घेतली तर त्यातलं काही रक्त मुदत संपून वाया जाण्याची भीती असते. मे महिन्यात महाविद्यालयं बंद असतात, माणसं लग्नसराईत आणि गावी गेलेली असतात, नेमका तेव्हा तुटवडा पडतो. महाराष्ट्र वर्षाला वीस लाखांच्या आसपास पिशव्या जमवतो आणि देशात आघाडीवर असतो, तरीही उन्हाळ्यात रक्तासाठी धावाधाव होतेच. दात्याला हेल्मेट किंवा पाण्याचा जार देणंही थांबवायला हवं. आमिष दाखवून घेतलेलं रक्त नियमात बसत नाही, कारण वस्तूसाठी आलेल्या माणसाने आजार लपवण्याचा धोका तोच राहतो, जो १९९८ पूर्वी होता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

रक्त दिल्याने अशक्तपणा येतो: प्रौढ शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं आणि त्यातलं एक दशांशाहून कमी घेतलं जातं, द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत.

भावाला भावाचंच रक्त सुरक्षित: उलट आहे, जवळच्या रक्तनात्यातल्या दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो, म्हणून ते रक्त किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच देतात.

रक्त देताना एड्स होतो: सुई दरवेळी नवी असते आणि एकदाच वापरली जाते.

बीपी-शुगरवाल्यांना मनाई: गोळ्यांनी आटोक्यात असेल तर डॉक्टर तपासून परवानगी देतात, इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र देऊ नये.

बायकांनी देऊ नये: हिमोग्लोबिन १२.५ आणि वजन किमान ४५ किलो असेल तर दर चार महिन्यांनी देता येतं, पुरुषांना दर तीन महिन्यांनी. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना थांबावं.

उपवासाच्या दिवशी दिलेलं दान श्रेष्ठ: रिकाम्या पोटी रक्त घेतलं जात नाही, चतुर्थी असो की एकादशी, चार तासांच्या आत काही खाल्लेलं हवं.

माझा गट साधाच आहे, माझी काय गरज: ओ आणि बी हे आपल्याकडचे सर्वांत जास्त आढळणारे गट आहेत, म्हणून रुग्णही त्याच गटांचे जास्त असतात.

रक्तदानाला ना जमीन विकावी लागते ना बँकेत शिल्लक लागते. अठरा ते पासष्ट वयाच्या निरोगी माणसाकडे ते देण्याजोगं असतंच. शिरूर-दौंडच्या मंडळांनी पुढच्या शिबिराची तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला एक फोन करावा, तुटवडा कधी आहे ते विचारावं आणि शक्यतो एप्रिल-मे महिन्यातली तारीख घ्यावी.