फ्रॉस्ट, वेड हॅम्प्टन

(१८८०–१९३८). अमेरिकन वैद्य व साथरोगविज्ञ. संसर्गजन्य रोगाचा समाजावरील भार केवळ आढळलेल्या रुग्णांच्या संख्येवरून न ठरविता, निरोगी व्यक्तीही हिशोबात धरून तो संपूर्ण लोकसमूहात मोजण्याच्या पद्धतींबद्दल प्रसिद्ध. त्यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील मार्शल येथे झाला. व्हर्जिनिया विद्यापीठाची वैद्यकाची पदवी १९०३ मध्ये मिळविल्यावर १९०५ मध्ये ते अमेरिकेच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य सेवेत दाखल झाले. प्रारंभी त्यांनी न्यू ऑर्लीन्स येथील पीतज्वराच्या साथीत काम केले. पुढे सिनसिनॅटी येथे राहून ओहायओ नदीच्या प्रदूषणाच्या अन्वेषणाचे त्यांनी नेतृत्व केले. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्यालयात ते १९१९ पासून अध्यापन करू लागले व तेथे साथरोगविज्ञानाचे पहिले प्राध्यापक झाले.

बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथींचा अभ्यास त्यांनी १९१० नंतर आयोवा, सिनसिनॅटी व न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथे केला. त्या काळी पक्षाघात झालेली मुले तेवढीच रोगी म्हणून मोजली जात. परंतु एका घरातील मुलाशी दुसऱ्या घरातील मुलाचा संबंध क्वचितच जुळे. जॉन अँडरसन यांच्या सहकार्याने फ्रॉस्ट यांनी, केवळ किरकोळ ज्वर येऊन गेलेल्या व्यक्तींचा रक्तरस या रोगाच्या व्हायरसात मिसळून तो माकडांना टोचला. अशांपैकी अनेकांच्या रक्तरसाने व्हायरस निष्प्रभ होतो, असे त्यांना आढळले. यावरून पक्षाघात हा संक्रामणाचा विरळा परिणाम असून बहुसंख्य संक्रामणे लक्षात न येताच घडतात व प्रौढांची प्रतिकारक्षमता त्यांतूनच येते, हा निष्कर्ष त्यांनी काढला. रक्तातील प्रतिपिंडांवरून रोगाचा प्रसार अजमाविणारी आजची सर्वेक्षणे याच विचारावर आधारलेली आहेत. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत कोव्हिड-१९ संबंधी असे सर्वेक्षण करण्यात आले. त्यात झोपडपट्ट्यांतील सु. ५७ टक्के व इतरत्र सु. १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. नोंद झालेल्या रुग्णसंख्येवरून या प्रसाराची कल्पना येणे शक्य नव्हते.

इन्फ्ल्यूएंझाच्या १९१८ मधील जागतिक साथीत मृत्यूंची नोंद होत असली, तरी किती लोक आजारी पडले हे कोणासही ठाऊक नव्हते. फ्रॉस्ट यांनी सांख्यिकीविज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांच्यासह अनेक गावांत घरोघर चौकशी करून एक लाखाहून अधिक लोकांची माहिती मिळविली. शाळकरी वयाच्या मुलांत रोग सर्वाधिक आढळला. परंतु आजारी पडलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण मात्र तान्ही मुले व वृद्ध यांच्याप्रमाणेच विशी-तिशीतील धडधाकट तरुणांतही मोठे होते. रोग होण्याचा धोका व रोगाने मरण्याचा धोका या दोन भिन्न गोष्टी असून त्या स्वतंत्रपणे मोजल्या पाहिजेत, हे यामुळे स्पष्ट झाले. गरीब कुटुंबांत रोगाचे प्रमाण अधिक असल्याचेही याच माहितीवरून सिडनस्ट्रिकर यांनी पुढे दाखविले.

फ्रॉस्ट यांना १९१७ च्या सुमारास स्वतःला क्षयाची बाधा झाली होती. पुढे हाच रोग त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय झाला. टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथील कुटुंबांचा पूर्वेतिहास घेऊन, क्षयरोग्याच्या सहवासात प्रत्येक व्यक्तीने किती वर्षे काढली याची त्यांनी मोजदाद केली. एक व्यक्ती दहा वर्षे किंवा दहा व्यक्ती एक वर्ष सहवासात असल्यास दोन्हींची गणना दहा ‘व्यक्ती-वर्षे’ अशी होते. त्यामुळे कमीअधिक काळ सहवासात असलेल्यांच्या धोक्याची तुलना करणे शक्य झाले.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे विवेचन मॅसॅचूसेट्स राज्यातील १८८० ते १९३० या काळातील क्षयमृत्यूंविषयी आहे. १९३० च्या आकड्यांत पुरुषांचा मृत्युदर पन्नाशीनंतर सर्वाधिक दिसत होता. त्यामुळे क्षय हा आता उतारवयाचा रोग झाला आहे, असे वाटे. परंतु एका वर्षाच्या तक्त्यात शेजारीशेजारी मांडलेले तरुण व वृद्ध निरनिराळ्या काळी जन्मलेले असतात आणि बालपणी त्यांना झालेला जंतूंचा उपसर्गही सारखा नसतो. म्हणून फ्रॉस्ट यांनी एकाच दशकात जन्मलेल्यांचा गट घेऊन तो दर दहा वर्षांनी कोणत्या तक्त्यात कोठे येतो, याचा मागोवा घेतला. तेव्हा बालपणानंतरचा सर्वाधिक मृत्युदर प्रत्येक गटात वीस ते तीस या वयातच आढळला आणि प्रत्येक नव्या गटाचा दर आधीच्या गटापेक्षा कमी होता. वृद्धांमधील क्षय हा त्यांच्या तरुणपणीच्या अधिक तीव्र प्रादुर्भावाचा अवशेष होता. या पद्धतीस जन्मगट विश्लेषण म्हणतात. नॉर्वेमधील क्रिस्टियन आंडव्होर्ड यांनी असेच विश्लेषण १९३० मध्ये केले होते. तथापि फ्रॉस्ट यांच्या १९३९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे ते सर्वत्र परिचित झाले.

लॉवेल रीड यांच्यासह त्यांनी १९२८ च्या सुमारास साथीची गणिती प्रतिकृती तयार केली. रंगीत गोट्यांच्या साहाय्याने ती विद्यार्थ्यांना दाखवीत. सर्वांना रोग होण्यापूर्वीच साथ ओसरते, कारण रोगग्रहणक्षम व्यक्ती विरळ होत जातात, हे तीवरून समजते. हाच विचार त्यांनी १९३७ मध्ये क्षयास लावला : एका संसर्गक्षम रुग्णामागे सरासरी एकही नवा संसर्गक्षम रुग्ण निर्माण होत नसेल, तर संक्रामण पूर्णपणे थांबविता आले नाही तरी रोग कालांतराने नष्ट होईल. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध (१९४३) लागण्यापूर्वीचा हा निष्कर्ष होता. मात्र ही घट आपोआप टिकत नाही. १९८५ ते १९९२ या काळात खुद्द अमेरिकेत क्षयरोग्यांची संख्या पुन्हा वाढली. नियंत्रणाच्या उपायांतील शैथिल्य व एड्सचा प्रसार ही तिची प्रमुख कारणे होती.

फ्रॉस्ट यांनी थोडेच लेखन प्रसिद्ध केले. जॉन स्नो यांचे पटकीविषयीचे लेखन १९३६ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुनर्मुद्रित झाले. ते बॉल्टिमोर येथे मृत्यू पावले.