गोळी घेतली, ताप उतरला, म्हणून ऑफिसला जायचं?

नेरूळला मस्त पाऊस चालू आहे, मागे आवाज आला तर समजून घ्या. आजचा विषय फ्लू, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून.

गेल्या ऑगस्टमध्ये रिलीजचा आठवडा होता. सकाळी अंग तापलेलं, घसा धरलेला. पॅरासिटामॉल घेतली, तासाभरात ताप उतरला, ठाणे लोकल पकडून ऐरोलीला ऑफिस गाठलं. दोन-तीन दिवसांत शेजारचे दोघं आडवे झाले. आणि घरी आजी. तिला मधुमेह आहे, अॅडमिट करावं लागलं. आता ती ठणठणीत आहे, पण ती रात्र मी विसरलो नाहीये.

मला कळलं ते एवढंच: गोळी ताप उतरवते, विषाणू नाही. तो नाकाघशात असतोच. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला तो देऊ शकतो. म्हणून नियम साधा आहे. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच बाहेर पडायचं.

फ्लू म्हटलं की आपल्याला थंडी आठवते. पण भारतात त्याच्या दोन लाटा येतात: एक जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात आणि त्यानंतर. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती.

आता रोजच्या सवयी. लक्षणांआधीच फ्लू पसरतो, त्यामुळे या आजारी नसतानाही हव्यात.

हात: विषाणू स्टील-प्लास्टिकवर एक-दोन दिवस टिकू शकतो. लोकलचा दांडा, मग मोबाईल, मग तोंड, असा त्याचा प्रवास! ऑफिसला किंवा घरी पोचलात की आधी साबणाने २० सेकंद हात धुवा. मोबाईलही पुसा.

हवा: पाऊस थांबला की खिडक्या उघडा. गच्च लोकलमध्ये मास्क लावा, लाजायचं काय त्यात?

खोकला: तळहातावर नाही, कोपरात.

लस: दरवर्षी घ्यावी लागते आणि परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पावसाआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. घरात ज्येष्ठ, गरोदर बाई, लहान मूल किंवा दमा-मधुमेहाचं कुणी असेल तर नक्की विचारा.

आणि तरीही झालाच तर? सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णांचे तीन गट आहेत, अगदी आपल्या बग्जच्या प्रायॉरिटीसारखे. 'ए' म्हणजे सौम्य ताप, खोकला: घरी आराम, भरपूर पाणी, लक्ष ठेवायचं. 'बी' म्हणजे खूप ताप आणि घसा जास्त दुखणं, किंवा लक्षणं सौम्य पण माणूस माझ्या आजीसारखा जोखमीचा: लगेच डॉक्टर, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. 'सी' म्हणजे धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, नखं निळी पडणं: थेट हॉस्पिटल.

आणि हो, मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूवर ते चालत नाही.

पुढच्या वेळी अंग तापलं की मॅनेजरला एक मेसेज टाका: "आज घरी आहे." रिलीज एक दिवस पुढे गेला तर चालतं हो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!