टेबलावरचे जहाज

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने लाकडी जहाजांचे नमुने करण्याच्या छंदावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पगार, बोनस, कपात, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. पण कामाचे तास कमी करा अशी मागणी ज्यांनी केली, त्यांनी उरलेल्या तासांचे काय करायचे याचाही विचार करायला हवा. दिवसाचे तीन सारखे वाटे करावेत, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास माणसाचे स्वतःचे, ही कल्पना रॉबर्ट ओवेन याने १८१७ च्या सुमारास मांडली. आणि हा ओवेन स्वतः न्यू लॅनार्कची सूतगिरणी चालवणारा होता. आमच्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. या धडपडीतून जो वेळ हाती आला त्याला आम्ही मोकळा वेळ म्हणतो. रिकामा वेळ निराळा. गिरणीला टाळे लागले की कामगाराला रिकामा वेळ मिळतो, आणि तो त्याला खायला उठतो. मोकळा वेळ झगडून मिळवलेला असतो. म्हणून तो कसा खर्च होतो याची आम्हांला आस्था आहे.

आता विषयाकडे वळू. जहाजाचा नमुना करण्याचा संच, म्हणजे लोक ज्याला किट म्हणतात तो, एका लांबट खोक्यात येतो. खोके उघडले की आत जहाज दिसत नाही. आत असतात प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या, बारीक पट्ट्यांच्या जुड्या, पितळी खिळे, ओतीव तोफा, इवल्याशा कप्प्या, दोऱ्याची रिळे आणि घडी घातलेले मोठमोठे आराखडे. पाश्चात्य देशांत हा धंदा चांगला रुजला आहे. इटली, स्पेन, डेन्मार्क, इंग्लंड, अमेरिका येथे असे संच तयार होतात. लंडनजवळ ग्रीनिच येथे ठेवलेले ‘कटी सार्क’ हे १८६९ चे चहाचे जहाज, अमेरिकेचे ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ यांचे नमुने छांदिष्टांच्या विशेष आवडीचे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती प्रमाणाची. खोक्यावर ‘एकास बहात्तर’ असे लिहिलेले असते. म्हणजे खऱ्या जहाजावरचे बहात्तर इंच नमुन्यावर एक इंच होतात. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. अर्थात सहा फुटी खलाशी या जहाजावर एक इंचाचा होईल. ‘व्हिक्टरी’चा तोफांचा मुख्य मजला १८६ फूट लांब आहे, तो नमुन्यात ३१ इंच भरतो. एकदा हे प्रमाण डोक्यात बसले की आराखडा वाचता येऊ लागतो. आराखड्यात एकच जहाज तीन बाजूंनी काढलेले असते : कडेने, वरून आणि समोरून. तिन्ही चित्रे मनात एकत्र आणून वस्तू उभी करायची. ज्यांनी कारखान्यात ड्रॉइंग वाचले आहे त्यांना हे नवे नाही. इतरांना थोडे दिवस लागतात.

हा छंद आजचा नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या आरमारासाठी जहाजांचे नमुने होत असत, आणि त्यांचे प्रमाण बहुधा चार फुटांना एक इंच असे. पुष्कळ नमुन्यांच्या पोटाखालच्या फळ्या मुद्दाम लावलेल्या नसत, म्हणजे आतल्या बरगड्या पाहणाऱ्याला दिसाव्यात. दुसरी परंपरा बंदिवानांची. नेपोलियनच्या लढायांत पकडलेले हजारो फ्रेंच व डच कैदी पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत होते. ही छावणी १७९७ ते १८१४ या काळात चालली. जेवणात मिळणाऱ्या मांसाची हाडे स्वच्छ करून, कापून, घासून हे कैदी जहाजे बनवीत आणि बाजारात विकीत. त्यांचा वेळ रिकामा होता, तो त्यांच्यावर लादलेला होता. तरीही हातातले कसब त्यांनी मरू दिले नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. प्रथम जहाजाचा उभा कणा घ्यायचा. त्याला ठरलेल्या अंतरावर खाचा असतात. प्रत्येक खाचेत एकेक आडवी फळी बसते. तिचा आकार म्हणजे त्या जागी जहाज आडवे कापले तर दिसणारा आकार. हा झाला सांगाडा. सरस लावण्यापूर्वी सर्व फळ्या कोरड्याच बसवून पाहायच्या आणि काटकोन गुण्याने तपासायचा. कण्याला येथे थोडासा पीळ राहिला तर तो पुढे कोणत्याही रंगाने झाकत नाही.

त्यानंतरचे काम दिसायला क्षुल्लक, पण सगळे त्यावर अवलंबून. नाळेकडे आणि मागच्या बाजूला जहाज निमुळते होत जाते. तेथल्या आडव्या फळ्यांच्या कडा सरळ ठेवल्या तर वरून येणारी पट्टी केवळ एका टोकावर टेकेल. म्हणून त्या कडा काचकागदाने तिरक्या घासाव्या लागतात. किती तिरक्या, हे आराखडा पुरतेपणी सांगत नाही. एक लवचीक पट्टी सांगाड्यावर आडवी धरायची, ती कोठे उचलली जाते ते पाहायचे, पुन्हा घासायचे.

मग पट्ट्या लावणे. बहुतेक संचांत दोन थर असतात. आतला थर मऊ लाकडाचा, वरचा पातळ थर अक्रोडासारख्या चांगल्या लाकडाचा. येथे साधे अंकगणित लागते. समजा जहाजाच्या मध्यावर एका बाजूची गोलाई १२० मिलिमीटर आहे आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे. तर २४ पट्ट्या लागतील. पण नाळेजवळ तीच गोलाई ७२ मिलिमीटर भरते. चोवीस पट्ट्या तेथे मावायच्या तर प्रत्येकीची रुंदी ३ मिलिमीटर झाली पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे पाचावरून तीनावर निमुळती करायची. निम्म्याहून अधिक निमुळती करू नये असा नियम आहे. तशी वेळ आली तर काही पट्ट्या अलीकडेच थांबवाव्यात. मागच्या बाजूला कधी उलट होते. तेथे जागा जास्त पडते, मग पाचरीच्या आकाराचे तुकडे भरावे लागतात. वळणासाठी पट्टी पाण्यात भिजवून उष्णतेवर वाकवतात. वाकवलेली पट्टी सरस सुकेपर्यंत धरायला कपड्यांचे चाप उत्तम. आणि एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे लावायची. एकच बाजू पुरी करत गेले तर तिच्या ताणाने सांगाडा वाकतो.

येथे एक आक्षेप येतो. सगळे तुकडे दुसऱ्याने कापून दिलेले. ते जोडण्यात कसली आली कारागिरी? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही, कारण कारखान्यात आमचा झगडा याच गोष्टीशी आहे. काम तोडून तोडून इतके बारीक करतात की एका माणसाच्या वाट्याला एकच हालचाल येते. तीस वर्षे एकच बोल्ट आवळणाऱ्याला यंत्र पुरे झालेले पाहायला मिळत नाही, आणि तुझ्यापाशी कसब नाही म्हणून पगारही कमी मिळतो. मग हा संच तरी त्याच जातीचा नव्हे काय? आज तर त्यातले तुकडे लेसरच्या किरणांनी कापलेले येतात.

आमचे उत्तर असे. कापलेले तुकडे म्हणजे जहाज नव्हे. तिरकी कड किती घासायची, पट्टी कोठे थांबवायची, पाचर कोठे भरायची, हे खोक्यात येत नाही. ते करणाऱ्याच्या डोळ्यातून आणि बोटातून यावे लागते. आमच्या माहितीतले एक निवृत्त जोडारी आहेत. त्यांनी सारी नोकरी सुतासुताच्या मापात काढली. असला नमुना हाती घेतल्यावर ते म्हणाले, “लोखंडाला आपण सांगतो तसे ते होते. लाकडाला आधी विचारावे लागते.” दुसरे असे की येथे काम पहिल्या खाचेपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकाच माणसाच्या हातून जाते. चूक कोणाची हे विचारायला मुकादम लागत नाही, आणि श्रेयही कोणाला वाटून द्यावे लागत नाही. कारखान्यात जे मिळत नाही ते घरच्या टेबलावर मिळाले म्हणून कारखान्यातली मागणी सोडावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उलट, पुरे काम करण्याचा आनंद ज्याने चाखला, त्याला तुकड्यांच्या कामातली वाण अधिक बोचेल.

फळ्यांचे काम संपले की दोरांचे सुरू होते. शिडाच्या जहाजावर दोर दोन प्रकारचे. काही डोलकाठ्या ताणून धरतात. ते कायमचे बांधलेले, डांबर लावलेले, म्हणून नमुन्यात काळे. काही शिडे व परबाणे हलवतात. ते उजळ रंगाचे आणि कप्प्यांतून ओवलेले. ‘व्हिक्टरी’वर अशा दोरांची एकूण लांबी सुमारे २६ मैल सांगतात. डोलकाठीच्या बाजूच्या ताणदोरांवर आडवे दोर बांधून खलाशांसाठी शिडी केलेली असते. एकास बहात्तरच्या नमुन्यात या शिडीच्या दोन पायऱ्यांत जेमतेम पाच मिलिमीटरचे अंतर राहते, आणि प्रत्येक छेदावर खुंट्याला दावे बांधताना घालतात तशी दुहेरी वेढ्याची गाठ घालावी लागते. अशा गाठी शेकड्यांनी असतात. नियम एकच : आतून बाहेर आणि खालून वर. बाहेरचा दोर आधी ताणला तर आतल्या दोरापर्यंत चिमटा पोचत नाही.

या परदेशी छंदाचा आमच्या मुंबईशी नुसता ओढूनताणून आणलेला संबंध नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या येथील गोदीत जहाजे बांधली. युद्धकाळात इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटिश आरमाराने १८१२ मध्ये एका लढाऊ जहाजाची मागणी मुंबईकडे नोंदवली. त्याची घडण ‘एबे’ या १७८२ मध्ये पकडलेल्या फ्रेंच जहाजावरून घेतलेली होती. आराखडे ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले. पण २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठून हरवले, आणि आराखडे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत यावी लागली. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते सागवानी जहाज मुंबईत पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘ट्रिंकोमाली’. दीर्घ दुरुस्तीनंतर ते आज इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’चा नमुना छांदिष्ट इतक्या हौसेने करतात, त्याने मुंबईच्या सुतारांना अशा रीतीने खोळंबवले होते! वाडियांची नावे इतिहासाने जपली, ते योग्यच झाले. ज्या सुतारांनी ते सागवान तासले आणि ज्या लोहारांनी खिळे घडवले, त्यांची नावे मात्र जहाजाबरोबर फिरत नाहीत. नमुना करणाऱ्याला त्यांच्या कामाचे मोल कळते, कारण तीच अडचण, बहात्तरपट लहान का होईना, त्याच्यापुढे येते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. परदेशी संच महाग पडतो आणि कामगाराच्या घरात त्याला पहिली जागा मिळणार नाही. पण संचावाचून अडत नाही. जुन्या जहाजांचे आराखडे मिळू शकतात. पट्ट्या आपण कापाव्यात. यासाठी सागवान घेऊ नये. खऱ्या जहाजाला ते श्रेष्ठ, पण त्याच्या अंगची छिद्रे नमुन्यावर भोकांसारखी दिसतात. हळदूचे लाकूड बारीक व एकसारख्या पोताचे असते. गिरण्यांत बॉबिनसाठी ते वापरीत, हे जुन्या कामगारांना आठवत असेल. हत्यारे थोडीच लागतात : धारदार चाकू, बारीक करवत, छोटा रंधा, कानस, हाताचे गिरमिट, चिमटा आणि काचकागद.

सुरुवात ‘व्हिक्टरी’पासून करू नये. तीन डोलकाठ्या आणि शंभर तोफा पाहून माणूस खोके घरी आणतो आणि सहा महिन्यांनी ते माळ्यावर जाते. एका डोलकाठीची लहान होडी घ्यावी. रोज तासभर बसावे. सरस सुकायला त्याचा वेळ द्यावा, तो कोणत्याही जॉबरच्या शिटीने लवकर सुकत नाही. घरातल्या मुलाला शेजारी बसवावे आणि पट्ट्या मोजायला सांगावे. भागाकार त्याला पुस्तकापेक्षा येथे लवकर उमगेल. गावात तीनचार माणसे तयार झाली तर वाचनालयाच्या एका खोलीत हत्यारे सामाईक ठेवता येतील, आणि ज्याच्या घरी टेबल टाकायला जागा नाही त्यालाही बसता येईल. चाळीत राहणाऱ्या माणसाला मोकळ्या वेळाइतकीच मोकळ्या जागेची वाण असते. ती जागा मागणे हेसुद्धा आमच्या कामात येते.