पहिला एअरब्रश: आधी हवेचा हिशेब

मॉडेल गाड्या रंगवण्यासाठी पहिला एअरब्रश घेताना बहुतेकांचं सगळं लक्ष ब्रशवर असतं आणि कॉम्प्रेसर उरलेल्या पैशांत बसवला जातो. सुरतेसारख्या समुद्राजवळच्या दमट शहरात हा हिशेब उलटा मांडायला हवा. 80 टक्के आर्द्रतेची हवा दाबून एक-तृतीयांश जागेत कोंबली आणि ती पुन्हा खोलीच्या तापमानाला आली, की तिच्यातल्या निम्म्याहून अधिक वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात हेच पाणी नळीतून पुढे सरकतं आणि नुकत्याच रंगवलेल्या चकचकीत बॉनेटवर टाचणीच्या डोक्याएवढे डाग उमटतात. म्हणून टाकी, दाब-नियंत्रक आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला कॉम्प्रेसर आधी. बॅटरीवर चालणारे छोटे संच स्वस्त आणि सुटसुटीत असतात हे खरं. पण त्यांतल्या बहुतेकांत टाकी नसते, पाणी साठायला जागा नसते.

ब्रश 0.3 मिलिमीटर नोझलचा, वर रंगाची वाटी असलेला, डबल-अ‍ॅक्शन घ्यावा: बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. नवशिक्याला सिंगल-अ‍ॅक्शन सोपा जातो, हा आक्षेप पहिल्या काही दिवसांपुरता बरोबर आहे. दाराच्या फटीतली सावली किंवा चाकामागची धूळ दाखवताना मात्र रंगाची धार बोटाखाली कमी-जास्त करता यावी लागते. सुरुवातीला रंग दुधाइतका पातळ, दाब 15 ते 20 पीएसआय ठेवा. आणि अ‍ॅक्रिलिक रंग असला, तरी मास्क लावाच.