गाडीला रात्रभर वीज कशाला? ब्लॉक हीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅनडातल्या विनिपेग, सास्काटून किंवा एडमंटनमध्ये जानेवारीत पारा उणे ३० अंशांखाली जाणं नवलाचं नाही. तिथे साध्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या जाळीतूनही तीन पिनांचा प्लग लोंबत असतो. हिवाळ्याआधी नुकत्याच तिथे पोहोचलेल्या मराठी माणसाला वाटावं, इथल्या सगळ्याच गाड्या विजेवर चालतात की काय! तो प्लग ब्लॉक हीटरचा. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिनाच्या अशा हीटरचं पेटंट मिळालं. आज सर्रास बसवला जाणारा प्रकार इंजिनातलं कूलंट तापवतो आणि त्यातून धातूचा अख्खा ठोकळा उबदार होतो. काम इतकं सोपं असलं तरी त्याभोवती समजुती बऱ्याच आहेत.

गैरसमज : हीटर नसला तर इंजिनातलं पाणी गोठतं.
वस्तुस्थिती : गोठण्यापासून वाचवतं ते कूलंटमधलं अँटिफ्रीझ. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मग अँटिफ्रीझ जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. हीटरची गरज असते ती तेलासाठी. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, सुरू झाल्यावरही ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि तेवढ्या वेळात झीज होते. शिवाय गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे ते जास्त जळतं. कॅनडा सरकारच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मते उणे २० अंशांत ब्लॉक हीटर वापरल्यास इंधनाची १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

गैरसमज : प्लग रात्रभर लावून ठेवावा.
वस्तुस्थिती : हीटर सुरू केल्यावर दोन-तीन तासांत इंजिन जेवढं तापायचं तेवढं तापतं. त्यानंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निघून जाते. ६०० वॅटचा हीटर दहा तास चालला तर सहा युनिट जळतात, तीन तासांत दोनहून कमी. सकाळी आठला निघायचं असेल तर टायमरवर पाच-साडेपाचची वेळ लावा. टायमर मात्र बाहेरच्या थंडीत चालणारा आणि हीटरचा भार पेलणारा हवा.

गैरसमज : हवामान खात्याने विंडचिल उणे ४० सांगितला, म्हणजे इंजिनही उणे ४० झालं.
वस्तुस्थिती : विंडचिल हा माणसाच्या उघड्या त्वचेला थंडी किती झोंबेल याचा अंदाज आहे. वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. प्लग लावायचा की नाही हे साध्या तापमानावरून ठरवा. उणे १५ च्या खाली लावावा, असा तिथला सर्वसाधारण सल्ला असतो.

गैरसमज : रिमोट स्टार्टर आहे, मग हीटर कशाला?
वस्तुस्थिती : रिमोट स्टार्टर गार इंजिनच सुरू करतो, फक्त तुम्ही घरात असता. जी झीज टाळायची ती होतेच. शिवाय उभ्या गाडीत इंजिन फार हळू तापतं. हीटर आधी ऊब देतो; मग मिनिटभर थांबून सावकाश निघालं तरी चालतं.

गैरसमज : जास्त वॅटचा हीटर घेतला की काम झालं.
वस्तुस्थिती : हीटर वॅट बघून घेऊ नका, इंजिन बघून घ्या. गाड्यांचे ब्लॉक हीटर साधारण ४०० ते १००० वॅटचे असतात आणि कंपनी प्रत्येक इंजिनासाठी ठराविक भाग सांगते. सर्वांत खात्रीचा प्रकार म्हणजे फ्रॉस्ट प्लगच्या (ब्लॉकच्या भोकावर बसवलेल्या धातूच्या झाकणाच्या) जागी किंवा ब्लॉकमधल्या खास भोकात बसणारा. कूलंटच्या होजमध्ये बसणारा आणि ऑइल पॅनला चिकटवायचा पॅड हे दुसरे पर्याय. लोहचुंबकाचा हीटर घेण्याआधी पॅन कशाचा आहे ते पाहा. ॲल्युमिनियमला किंवा प्लास्टिकला चुंबक चिकटत नाही. खरेदीआधी बॉनेटही उघडून बघा. थंड प्रदेशात विकलेल्या अनेक गाड्यांत हीटर कारखान्यातूनच येतो, वायर आत गुंडाळलेली असते.

गैरसमज : बसवणं म्हणजे प्लग जोडण्याइतकं सोपं.
वस्तुस्थिती : पॅड स्वतः लावता येतो. ब्लॉकमधल्या हीटरसाठी कूलंट काढावं लागतं, जुना फ्रॉस्ट प्लग उपटावा लागतो. नवा हीटर असा बसवावा लागतो की त्याची कॉइल आतल्या भिंतीला टेकणार नाही. नंतर कूलंट भरून आत अडकलेली हवा पूर्ण काढायची. कूलंट नसताना किंवा कॉइलभोवती हवा असताना वीज दिली तर कॉइल जळते. वायर सायलेन्सरचा पाइप, पंखा, पट्टे आणि स्टिअरिंगपासून दूर बांधायची. कूलंट बदलायचंच असेल तेव्हा गॅरेजवाल्याकडून हे काम करून घेतलं, तर एका खर्चात दोन कामं होतात.

गैरसमज : घरातलं कोणतंही एक्स्टेंशन चालेल.
वस्तुस्थिती : घरातली बारीक वायर या भाराने तापते आणि थंडीत तिचं आवरण कडक होऊन तडकतं. बाहेर वापरायची, जाड, अर्थिंगची तीन पिनांची वायर घ्या. पिना गंजलेल्या, सैल किंवा काळवंडलेल्या दिसल्या तर प्लग बदला. आग लागते ती बहुधा इथूनच.

गैरसमज : हीटर आहे, आता गाडी कधीच अडणार नाही.
वस्तुस्थिती : ब्लॉक हीटर बॅटरीला ऊब देत नाही. उणे १८ अंशांत चांगली बॅटरीही एक तृतीयांशाहून अधिक जोर गमावते. तिच्यासाठी वेगळं हीटर-ब्लँकेट मिळतं. ऑइलचा दर्जाही कंपनीने सांगितलेलाच हवा. डिझेलच्या टाकीपर्यंतही ही ऊब जात नाही. गार डिझेलमध्ये मेण धरून फिल्टर तुंबतो, त्याला उपाय हिवाळी डिझेलच. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याचसाठी.

गैरसमज : अमेरिकेतून हीटर मागवून लेहमधल्या गाडीला लावता येईल.
वस्तुस्थिती : तिथला हीटर १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. सरळ जोडला तर ४०० वॅटचा हीटर जवळजवळ दीड हजार वॅट ओढतो आणि जळतो. भारतात २३० व्होल्टचाच हवा. गाडीखाली शेकोटी पेटवणं हा तर उपायच नव्हे. इंधनाची नळी, वायरी आणि ऑइलचे थेंब सगळे तिथेच असतात.

थोडक्यात, हिवाळा तोंडावर येण्याआधी चार गोष्टी करा : कूलंटचं प्रमाण मोजून घ्या, बॅटरी तपासा, हीटर चालतो का ते मीटर लावून बघा आणि चांगला टायमर घ्या. आणि सकाळी गाडी काढण्याआधी प्लग काढायला विसरू नका.